तान्ह्याचं माप

दिराने माझ्या लेकीसाठी कुठूनशी जुनी कार सीट आणली. “अपघातातल्या गाडीतली नाही ना?” मी विचारलं, तर नजर चुकवत म्हणाला, “वहिनी, फुकट मिळालीय, कशाला चौकशा?”

लेक दोन वर्षांची. तिच्या मापाने पट्टे सैल करावेत, तर सकाळी ते तान्ह्या बाळाच्या मापाला आवळलेले. नवऱ्याला फैलावर घेतलं. त्याने हातही लावला नव्हता. शेवटी माझं डोकं फिरलं. पट्टे कापून ती सीट भंगारात दिली आणि दुकानातून नवी कोरी आणून बसवली.

दुसऱ्या दिवशी लेक त्या सीटमध्ये बसेचना.

“अगं, बस की!” मी ओरडले आणि आत वाकले. नवे पट्टे तान्ह्याच्या मापाला आवळलेले होते.

“हळू बोल ना, आई,” लेक कुजबुजली. “बाळ आत्ताच झोपलंय.”