पडू द्यायचं नाही

हॉटेलच्या पोटात, सगळ्यात खालच्या मजल्यावर, जिथे पाहुण्यांचा पाय कधी लागत नाही, तिथे चादरी धुतल्या जातात. वर खोलीत शिरलेला पाहुणा पांढऱ्याशुभ्र पलंगावर अंग टाकतो आणि "वा!" म्हणतो. खाली त्याच वेळी भिंगरीची आई घाम पुसत पुढची चादर उचलते. चादरींना इस्त्री करणारं तिथलं रुळांचं यंत्र एवढं अवाढव्य आहे की बायका त्याला मगर म्हणतात. मगरीच्या तोंडात ओली चादर द्यायची, शेपटाकडून कोरडी घ्यायची आणि मध्ये बोट घालायचं नाही, एवढंच काय ते शिक्षण. हे शिक्षण घ्यायला ती समुद्र ओलांडून आली होती.

मागे घरी नवरा होता, बस चालवणारा, आणि भिंगरी होती. मुलगी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून बापानंच ते नाव ठेवलं होतं. तिघांच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर व्हावं म्हणून आईनं ही नोकरी धरली. तक्रार करण्यासारखं तिथे फारसं नव्हतं. राहायला जागा बरी होती, जेवण वेळेवर मिळायचं. फक्त आपली माणसं नव्हती.

फोन कपाटात कुलूपबंद ठेवायचा आणि फक्त चहाच्या सुट्टीत काढायचा, असा तिथला नियम. रविवारच्या चहाच्या सुट्टीची वेळ मात्र देवानं नेमून दिल्यासारखी होती. आईची सुट्टी व्हायची तेव्हाच तिकडे भिंगरीचे बॅडमिंटनचे सामने नुकते आटोपलेले असायचे. आई चहाला हात न लावता चादरींच्या कोठीत शिरायची, दाराला पाठ लावायची, आणि तिकडून "आई?" ऐकू आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"काय ग, जिंकलीस का?"

आता यात तिचं काय चुकलं? सुट्टी म्हणजे केवढी! त्यात अभ्यास, दात, केस, बाबांचा खोकला, सगळं कोंबायचं. आठवड्याभराची लेक एका घोटात प्यायची तर सुरुवात कुठून करायची? निकालापासून केलेली बरी, असं तिला वाटलं.

भिंगरी जिंकलेली असली की कोठीत सणच. आई दाराच्या काचेतून बाहेर अंगठा दाखवायची, बाहेरच्या बायका टाळ्या पिटायच्या. सगळ्यांत वयस्कर, जिला सगळ्या थोरली म्हणायच्या, ती आत घुसून फोन हिसकावून घ्यायची आणि "माझी वाघीण ती!" म्हणून ओरडायची. सुपरवायझरबाईचं तोंड बारा महिने एरंडेल प्यायल्यासारखं, पण त्या दिवशी तीसुद्धा सुट्टी संपल्याची घंटा वाजवायला जरा विसरायची. आणि हरलेली असली तर? तर आई म्हणायची, "असू दे. पुढच्या वेळी बघू." त्यापुढे तिला शब्दच सापडायचे नाहीत. काही बोलावं तर पोरीला लागेल, न बोलावं तर आणखी लागेल. अशा वेळी भिंगरीच म्हणायची, "ठेव आता आई, तुला काम असेल." केवढी समजूतदार पोर, असं म्हणून आई डोळे पुसायची आणि वर खूशही व्हायची. खूश व्हायला माणसाला काय, निमित्त पुरतं.

अलीकडे तर भिंगरी जिंकतच होती. एकामागून एक रविवार. आईची मान ताठ झाली होती. मगरीपुढे उभी असली तरी ती मनानं कुठल्या तरी मंडपात बक्षीस घेत असायची.

आणि मग आठवड्याच्या अधल्यामधल्या दिवशी, ऐन कामात, सुपरवायझरबाई येऊन म्हणाली, "ऑफिसात चल. तुझ्या घराकडून फोन आहे."

ऑफिसातला फोन म्हणजे वाईटच बातमी, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. जिना ती कशी चढली ते तिचं तिला कळलं नाही. तिनं रिसीव्हर कानाला लावला.

"ताई, मी भिंगरीचा कोच बोलतोय. आधीच सांगतो, पोरगी ठणठणीत आहे."

आई खुर्चीत बसली. "अहो सर, जीव घ्याल की माझा!"

"माफ करा ताई. रविवारपर्यंत थांबवेना म्हणून केला." सर जरा घुटमळले. "आमच्या क्लबच्या सामन्यांत पंच नसतो. शटल आपल्या बाजूला पडलं की आत की बाहेर, ते ज्याचं त्यानं सांगायचं. मी मुद्दामच तसं ठेवलंय. मारायला काय, कुणीही शिकवेल. हे शिकायला हवं."

"बरं, मग?"

"रविवारी भिंगरीनं शेवटचा पॉइंट बाहेर म्हणून सांगितला. तो चांगला वीतभर आत होता."

"तुम्हाला लांबून नीट दिसलं नसेल."

"दिसलं, ताई. समोरच्या पोरीलाही दिसलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि भिंगरी हात मिळवून न मिळवून दाराकडे पळाली, बाबांचा फोन घ्यायला."

आता मात्र आईचा पारा चढला. "लेकरू आहे ते, सर! एक चूक झाली असेल. त्यासाठी मला कामावरून उठवलंत? इथं मी वाफेत उकडून निघतेय आणि तुम्ही—"

"एकदाच झालं असतं तर तुम्हाला बोललोही नसतो. ओरडलो असतो आणि मिटवलं असतं. पण मी तिला बाजूला घेऊन विचारलं, का ग असं करतेस? ती जे म्हणाली ते तुम्हाला सांगायलाच हवं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, जिंकलं की आई जास्त वेळ बोलते."

ऑफिसातला पंखा फिरत होता. सुपरवायझरबाई कागद चाळत असल्याचं नाटक करत होती. आईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. पोरीनं काही खोटं सांगितलं नव्हतं. जिंकलं की टाळ्या, थोरलीचा आरडाओरडा, उशिरा होणारी घंटा. हरलं की दोन वाक्यं आणि शांतता. हिशोब इतका सोपा होता की कुठलंही शहाणं मूल तो मांडेल. आईला तेवढा जमला नव्हता.

"आणि ताई," सर म्हणाले, "पूर्वी हरली तरी खिदळायची. हल्ली जिंकतानाही हसत नाही. येत्या रविवारी त्याच मुलीशी परतीचा सामना आहे. मी तिला खेळू देणार आहे. तुम्ही तिला रागावू मात्र नका."

"मग काय करू?"

"ते मला ठाऊक असतं तर माझा स्वतःचा मुलगा रॅकेट टाकून घरी बसला नसता," सर म्हणाले, आणि नमस्कार करून त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवसापासून आईचे हात मगरीला चादरी भरवत राहिले आणि ती स्वतः गच्चीवर जाऊन राहिली. त्यांच्या जुन्या घराच्या गच्चीवर, जिथे कपडे वाळत घालायची दोरी होती. भिंगरी तेव्हा एवढीशी, रॅकेट तिच्या निम्म्या उंचीची. दोरीच्या अलीकडे आई, पलीकडे ती. गुण मोजायचे नसत. एकच नियम होता: पडू द्यायचं नाही. म्हणून आई हळूच मारायची, अगदी तिच्या रॅकेटवर येईल असं. भिंगरीही जीव खाऊन, जीभ बाहेर काढून, आईकडेच परत पाठवायची. वाऱ्यानं शटल भरकटलं की दोघी धावत सुटायच्या, ओल्या टॉवेलांत गुरफटायच्या. खालून शेजारीण ओरडायची, "अहो, छप्पर खाली येईल!" शेवटी ते पडायचंच. मग दोघी एकदम "अरेरे" करायच्या आणि हसत सुटायच्या. त्या खेळात हरायला समोर कुणी नव्हतंच.

पुढे पोरीचा हात बसला, क्लब आला, सर आले, पहिला कप आला. कप आला त्याच महिन्यात आईचा व्हिसा आला. गच्चीवर शेवटचं कधी खेळलो हे तिनं आठवून पाहिलं. आठवेना. हे शेवटचं, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तिनं ते शटल संध्याकाळपर्यंत खाली येऊ दिलं नसतं. तिला भिंगरीची इतकी आठवण आली की चादर घडी करताना तिचे हात मध्येच थांबले.

"टोक धर," समोरून थोरली म्हणाली. दोघी चादरीची दोन टोकं धरून एकमेकींकडे चालत आल्या.

"तू तुझ्या लेकीशी फोनवर काय बोलतेस ग?" आईनं विचारलं.

"मी कशाला बोलू? ती बोलते. मी हूं म्हणते."

"नुसतं हूं?"

"नुसतं म्हणजे? हूं म्हणायला अक्कल लागते, पोरी. जीभ दाताखाली धरून ठेवावी लागते."

रविवारी आई बाह्या सरसावून कोठीत शिरली. जणू सामना हिचाच. बाहेर काचेशी बायका नेहमीसारख्या अंगठ्याची वाट बघत उभ्या होत्या. तिनं त्यांच्याकडे पाठ केली.

"आई?"

"बोल ग."

भिंगरी प्रश्नाची वाट बघत होती. प्रश्न आईच्या ओठांवर येऊन उभा होता. सवय कुठली सुटायला! तिनं खरोखरच जीभ दाताखाली धरली.

"विचार ना," शेवटी भिंगरीच म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

"काय विचारू?"

"तेच. नेहमीचं."

"आज दुसरं विचारते. सगळ्यात जास्त वेळ शटल कधी पडलं नाही?"

"म्हणजे? गच्चीवरच्यासारखं?"

"हूं."

आईला वाटलं, संपलं, आता म्हणणार "ठेव, तुला काम असेल". पण तिकडून एकदम जोराचा श्वास ऐकू आला आणि बांध फुटावा तशी पोरगी सुरू झाली.

"अगं आई, दुसऱ्या गेममध्ये! ती मारतेय, मी मारतेय, ती मारतेय, संपेचना! मी एकदा बसूनच मारलं, म्हणजे पडलेच मी, पण शटल गेलं. आणि तिनं तर उलटी होऊन पाठीमागून मारलं, तिला हसायलाच आलं, मग मलापण. बाबा म्हणाले सगळे बघायला लागले होते."

"हूं."

"मग तिनं एक उंच टाकलं, पार मागे. मी वळले तर ते..." आवाज अडखळला. "ते रेषेवर पडलं. रेषेवरचं आतच असतं. पण तिथं माझ्याच अंगाची सावली होती, कुणाला म्हणजे कुणाला दिसलं नसतं, आई. सरांनापण नाही."

रागावू नका, असं सर म्हणाले होते. रागवायचं कुठलं, तिला त्या कोर्टावर धावत जाऊन पोरीच्या मागे उभं राहायचं होतं, नुसतं उभं.

"ती तिकडून माझ्याकडे बघत होती. गेल्या वेळेसारखीच. मग मी सांगितलं. आत, म्हणून."

"हूं," आई म्हणाली. ते अर्ध्यातच फुटलं.

"आणि गेल्या वेळचंपण सांगितलं तिला, नंतर. ती म्हणाली, मला माहितीये. आई, तू आहेस ना?"

"आहे."

"मग बोलत का नाहीस? सुट्टी संपली?"

"नाही ग. ऐकतेय. अजून आहे सुट्टी."

"हां." तिकडे भिंगरीला बरं वाटलं असावं, कारण तिचा आवाज सैल झाला. मागून कुणीतरी तिला हाका मारत होतं, "ए, येतेस का?" भिंगरीनं फोनवर हात ठेवून काहीतरी उत्तर दिलं. "आई, तीच आहे. आम्ही मागच्या पटांगणात खेळतोय. नेटबीट नाही, नुसतं पडू द्यायचं नाही. मी शिकवलं तिला. तिला आधी येतच नव्हतं, सारखी जोरात मारायची."

"मग?"

"मग काय, मी म्हटलं, अगं हळू मार, मला परत मारता यायला हवं ना!" ती खिदळली. किती दिवसांनी. "आई, ठेवू मी?"

हे वाक्य आईनं आजवर कधी ऐकलं नव्हतं. फोन नेहमी घंटेनं तोडलेला असायचा, नाहीतर पोरीनं जड आवाजात ठेवायला लावलेला. नको ठेवूस, असं तिच्या अगदी तोंडात आलं. अजून अभ्यास राहिलाय, दात राहिलाय, बाबांचा खोकला राहिलाय. अजून तुझा आवाज पोटभर ऐकायचा राहिलाय. पण पलीकडे एक शटल हवेत जायचं थांबलं होतं.

"पळ," ती म्हणाली.

फोन लगेच बंद झाला. पोरगी पळालीसुद्धा.

दार ढकलून थोरली आत आली. काचेमागच्या बायकांच्या माना तिच्या मागून डोकावत होत्या. "काय ग? आज अंगठा नाही की काही नाही. जिंकली का आपली वाघीण?"

"विचारलंच नाही."

थोरली हसणार होती, पण तिचं लक्ष आईच्या चेहऱ्याकडे गेलं. ती जवळ येऊन चादरींच्या गठ्ठ्यावर टेकली.

"मग रडतेस कशाला?"

आईनं बंद फोन बाहीला पुसला आणि उगाचच पुन्हा कानाशी नेऊन पाहिला.

"सुट्टी उरलीय ग अजून," ती म्हणाली.