सुंदराबाईची वाटी

"गप बस गो जरा, करतंय ना," जयवंत फळीकडे बघून म्हणाला.

फळीवरची वाटी काही गप बसेना. भोईवाड्यातल्या त्या चाळीच्या मागे टॉवरचा पाया खणायचं काम चाललं होतं. मशीन जमिनीत शिरलं की भिंती शहारायच्या, गॅलरीभर पिवळी माती उडायची आणि एवढी भांडी असताना ही एकटी वाटी थरथरायची. शेजारच्या सुंदराबाईचा मुलगा सम्यक सांगून गेला होता, "काका, मशीनमुळे होतं ते." जयवंतनं मान डोलावली होती. मशीन बंद झाल्यावरही वाटी वाजते, हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

वाटी सुंदराबाईची. होळीच्या सुमाराला जयवंतची बायको गंगुबाई आजारात पार खंगली, तेव्हा सुंदराबाईनं या वाटीतून मऊ भाताची पेज आणली आणि आपल्या हातानं भरवली. त्या संध्याकाळी गंगुबाई नवऱ्याला म्हणाली, "बायची वाटी रिकामी देव नको हां. काय तरी गोड कर नि दी." दुसऱ्या दिवशी ती गेली.

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही चाळीची जुनी रीत. सुतकात घरातलं काही द्यायचं नाही, म्हणून वाटी राहिली. सुतक फिटलं, पण गोड करणार कोण? जयवंतला चहापलीकडे काही येत नव्हतं. विकतचे पेढे ठेवून द्यावेत, तर गंगुबाईनं घरी करायला सांगितलं होतं. आज करू, उद्या करू, करता करता पावसाळा सरला. मग लाज वाटायला लागली. सुंदराबाई दारात दिसली की तो मान खाली घालून सटकायचा. पुढे पुढे तीही बोलेनाशी झाली.

आज मात्र खाली टेम्पो लागला होता. सुंदराबाई खोली सोडून लेकाबरोबर बदलापूरला चालली होती, कायमची. आज वाटी गेली नाही, तर ती जन्मभर या फळीवर वाजत राहणार.

ऑक्टोबरचं ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं. जयवंतनं तुपात रवा टाकला, ढवळला, पाणी ओतलं. रव्याच्या गुठळ्या झाल्या, बुडाला करपलं. तसाच तो शिरा वाटीत भरून, वर झाकण ठेवून तो निघाला.

सुंदराबाई रिकाम्या खोलीत गाठोड्यावर बसली होती. भिंतीवर खिळ्यांची भोकं उरली होती. बाबासाहेबांची तसबीर तेवढी जागेवर होती. ती शेवटी काढून मांडीवर घेऊन जायची होती.

"सुंदराबाय."

"कोन? भावजी? वाट चुकलासा का काय?"

"तुमची वाटी."

ती वाटीकडे बघतच राहिली. "मला वाटलं, टाकून दिलीसा."

"टाकीन कशाला?"

"माजी पेज पोटात गेली आन् दुसऱ्या दिशी बाय गेली. तुमी माज्याकडं बगायचं सोडलं. मी काय समजायचं?" तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तवापास्नं पेज शिजवली न्हाई घरात. तांदूळ हातात घेतला की ती समोर यायची."

जयवंतनं वाटी तिच्यापुढे ठेवली. आपण शिऱ्याच्या लाजेत बसलो आणि भिंतीपलीकडे ही बाई हे उशाशी घेऊन झोपत होती.

"अहो, तसं नाय," तो म्हणाला. "तिच्या पोटात पाणी पण ठरत नव्हतं. तुमची पेज तेवढी ठरली. त्या रात्री कण्हली पण नाय. म्हणाली, कितीतरी दिवसांनी जेवल्यासारखं वाटलं. हे मी येऊन तुम्हाला सांगायला हवं होतं. नाय सांगितलं."

मागचं मशीन थांबलं होतं. सुंदराबाईनं झाकण काढलं, बोटांनी घास उचलून तोंडात घातला.

"करपलाय."

"होय."

"आन् साखर कुठाय?"

जयवंत आठवू लागला. रवा, तूप, पाणी. साखरेचा डबा त्यानं उघडलाच नव्हता.

"बाय असती तर लाटणं घिऊन मागं लागली असती," ती म्हणाली आणि हसली. हसता हसता डोळे पुसले. तो बिनसाखरेचा शिरा तिनं चाटूनपुसून संपवला.

खालून सम्यकची हाक आली, "आई, टेम्पोवाला बोंबलतोय."

"बोंबलू दे त्याला."

तिनं मोरीत वाटी विसळली, पदरानं पुसली. मग गाठोडं सोडून डब्यातले शेंगदाण्याचे लाडू काढले, वाटीत ठेवले आणि वाटी त्याच्यापुढे धरली.

"अहो, वाटी तुमची आहे."

"मग? तुमी भरून आनली, मी तुमाला रिकामं धाडू व्हय? लाडू खावा आन् वाटी आनून द्या बदलापूरला. आन् ह्या खेपंला साखर घाला."

टेम्पो गेला. गॅलरीतली धूळ खाली बसली. जयवंतनं लाडू डब्यात काढले, वाटी धुऊन फळीवर पालथी घातली. मशीन दिवसापुरतं बंद झालं होतं. मजूर हातपाय धूत होते.

वाटी एकदा वाजली.

"ऐकतंय गो," जयवंत म्हणाला. "रविवारी जातंय."

ती पुन्हा वाजली.

"साखर पण घालतंय."