लोखंड काळं पडेपर्यंत

माझ्या गोष्टींवर गावात कुणी विश्वास ठेवत नाही. माझी बायको ठेवत नव्हती, आणि तिनं तर त्रेचाळीस वर्षं प्रयत्न केला. ही गोष्ट तर तुम्हालाही पटायची नाही. पैज लावतो.

त्या वर्षी जमीन अशी तापली होती की ढेकळावर पाय पडला तर ढेकूळ फुटायचं नाही, टाच फुटायची. नांगराचे फाळ दोन तासांत बोथट. म्हणून लोहाराच्या भट्टीपाशी सकाळपासून माणसांची रांग. घण मारायची लोहारीण. लोहार भात्याशी बसून डाव्या हातानं दोरी ओढायचा. त्याचा उजवा हात मनगटापासून आखडलेला, बोटं एकमेकांत वितळून बसलेली.

रांगेत गाडीवान होता. खांबाला टेकून उभा होता, तरी खांबासकट थरथरत होता. दारू सोडून त्याला तिसरा दिवस. दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या बायकोनं त्याच्या खिशात घालून वर पिन लावली होती. पोरींना घेऊन ती माहेरी बसली होती. महिनाभर टिकलास तर येईन, नाहीतर आम्ही मेलो असं समज, एवढं सांगून गेलेली. हे सगळं त्यानं आम्हाला न विचारता सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आबा, लोहारदादानं कशी सोडली?"

मला विचारणं म्हणजे उतारावर गाडीचे बैल सोडून देणं.

मी सुरू केलं. लोहार पीत होता तेव्हा भट्टी पेटवायला काडी लागत नसे, तो नुसता फुंकर मारायचा. मग दवाखान्यात एक काटकुळी बाई आली. गोदामात रिकामी पोती अंथरून ती बेवड्यांना आसनं शिकवायची. पहिल्या दिवशी म्हणाली, प्रेतासारखे पडा. लोहार म्हणाला, ते मला येतं बाई, रोज संध्याकाळी रस्त्यात करतो.

पुढं ती सांगायची, तल्लफ आली की भांडू नका, पळू नका. श्वास घ्या, सोडा, आणि तिच्याकडे नुसतं बघा. लोहाराला काही समजेना. तेव्हा तिनं विचारलं, लाल लोखंडावर घण मारला नाही तर काय होतं? काळं पडतं, तो म्हणाला. मग झालं तर, बाई म्हणाली.

तेव्हापासून तल्लफ आली की लोहार लाल लोखंड ऐरणीवर ठेवून समोर बसायचा. श्वास आत, श्वास बाहेर. लाल, तांबूस, तपकिरी, काळं. तोवर तल्लफही निवायची.

इथपर्यंत सगळं खरं होतं. पण खऱ्यावर थांबायची मला सवय नाही.

म्हणून मी सांगितलं की पुढं पुढं त्याचा श्वास एवढा लांब झाला की आत ओढला की अंगणातल्या कोंबड्या घसरत भट्टीपर्यंत यायच्या. रांग हसली. गाडीवानानं विचारलं, गोळ्यांचं काय? मी म्हटलं, त्या तर त्यानं तिसऱ्याच दिवशी या पाण्याच्या कुंडीत फेकल्या. त्या पाण्यात विझवलेला कोयता आजतागायत झिंगला नाही.

"आणि हात?"

"तल्लफेची जिरवायला लाल फाळ मुठीत धरला. शंभर श्वास मोजले. हूं नाही की चूं नाही."

लोहारणीचा घण वरच थांबला. "उचलली जीभ लावली टाळ्याला," ती पुटपुटली. पण लोहार गप्प होता. ही गोष्ट मी दोन वर्षं त्याच्यादेखत सांगत आलो, त्यानं कधी तोंड उघडलं नव्हतं. गप्प माणूस मला फार आवडतो.

गाडीवान तीन दिवसांत पहिल्यांदा हसला. "याला म्हणतात गडी," असं म्हणत त्यानं खिशाची पिन काढली. गोळ्या तळहातावर घेऊन कुंडीवर हात धरला. हात इतका कापत होता की एक गोळी आपणहून पाण्यात पडली.

लोहारानं दोरी सोडली. सांडशीनं लाल फाळ उचलून ऐरणीवर ठेवला, आणि घण मारू नको म्हणून बायकोला खूण केली. मग फाळासमोर बसला. त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. श्वास आत, श्वास बाहेर. आम्ही सगळे त्या फाळाकडेच बघत होतो. लाल. तांबूस. तपकिरी. गाडीवानाचा हात कुंडीवर तसाच.

फाळ काळा पडला तेव्हा लोहार बोलला. आवाज अगदी साधा होता, फाळ किती वेळात होईल हे सांगावं तसा.

"मूठ मीट, गाडीवाना. आधी गोळी गीळ. मग ये, माझ्याशेजारी बस." मग माझ्याकडे बघितलं. "फाळ मी धरला नव्हता, आबा. गोळ्या मात्र फेकल्या. श्वास घेणाऱ्या गड्याला गोळ्या कशाला, असं तुम्हीच इथं बसून म्हणाला होता. त्याच दुपारी मला फिट आली, हात भट्टीत गेला. तेव्हा मला ओढून काढायला इथं एकच माणूस होता, आबा. आणि तो पळाला."