तळ्यापलीकडचा झेंडा

"झालं याचं नाटक सुरू!" खिडकीतून तळ्यापलीकडे बघत बिर्गर फणकारला. समोरच्या काठावर, थोरल्या भावाच्या अंगणात, झेंडा अर्ध्या काठीवर उतरवलेला होता.

पालिकेकडून जेवणाचा डबा घेऊन आलेली अनेली थबकली. "अगं बाई! कोण गेलं?"

"कुणी नाही. शाळा गेली. अकरा वर्षं झाली, तरी दर जूनला याच तारखेला आमचे सिक्स्टेनराव माझ्या नाकावर टिच्चून सुतक पाळतात."

ब्योर्कफोर्स पालिका ती केवढीशी, शाळेत पोरं उरली नऊ. शाळा बंद करायचा ठराव, तेव्हा पालिकेत निवडून आलेल्या बिर्गरच्या एका मताने पास झाला. त्याला काय हौस होती? पण सिक्स्टेन त्याच शाळेचा मास्तर. तेव्हापासून दोघांत अबोला.

"तुम्हीच जा की काका एकदा."

"मी? मोठा तो आहे ना? मारू दे हाक!"

खरं तर बिर्गर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे लांबच्या इस्पितळात एकटाच पडला होता, तेव्हा त्याने ठरवलं होतं, यंदा जायचंच. काल संध्याकाळी घरी आला आणि आज हा झेंडा! मन पुन्हा कडू झालं.

बटाटे चिवडत असताना त्याची नजर वर गेली. झेंडा हलला. हळूहळू चढत पार टोकाला गेला.

बिर्गरने काटा ताटात ठेवला. शाळेसाठीचा झेंडा संध्याकाळी सरळ खाली यायचा. इथल्या रीतीप्रमाणे अर्ध्यावरून टोकाला झेंडा चढवतात तो मयताची पेटी मातीत उतरल्यावरच.

"अनेली, फाटकावरची पत्रपेटी बघ गं. लवकर!"

वर्तमानपत्रांच्या ढिगात माय्वोरवहिनीच्या अक्षरातलं, काळ्या काठाचं पाकीट होतं. सिक्स्टेन गेला. दफन शुक्रवारी, सकाळी अकराला. आज शुक्रवारच होता.

अनेलीने गाडी काढली. वहिनी काळ्या कपड्यांत पायरीवर बसली होती.

"आता आलास होय?"

"वहिनी, मी इस्पितळात होतो गं. देवाशपथ, मला ठाऊक नव्हतं."

वहिनी पायरीवरून उठली. "चर्चमध्ये पहिल्या बाकावर तुझी जागा ठेवली होती. कुणाला बसू दिलं नाही. त्यानेच बजावलं होतं, बिर्गर उशिरा येईल, पण येईल."

बिर्गरने झेंड्याची काठी दोन्ही हातांनी धरली आणि तो ढसाढसा रडला.

"सकाळपासून मी त्याला शिव्या घालत होतो गं," तो म्हणाला.