दहा काचा

गाठींचे काप काढणाऱ्या मावशींनी ठोकळा बर्फावरून उचलला, दिव्यासमोर धरला आणि पुटपुटल्या, "अरे देवा, यात राहिलंय तरी काय?"

मेणाच्या त्या ठोकळ्यात जठरातल्या गाठीचा तुकडा होता, तांदळाच्या कणीएवढा. आधीच्या तपासण्यांसाठी तो दोनदा कापून झाला होता. मॅडम दारात उभ्या होत्या. त्या या प्रयोगशाळेच्या प्रमुख, आणि गाठ होती त्यांच्या वडिलांची, अण्णांची. ठोकळ्यावर मात्र नुसता नंबर होता आणि मॅडमनीही काही सांगितलं नव्हतं.

"किती हव्यात?"

"दहा काचा. जनुकांच्या तपासणीला पाठवायच्यात."

एका काचेवर गाठीचा एक पातळ काप बसतो. गाठीतलं नेमकं कुठलं जनुक बिघडलंय हे कळलं, तर त्याच बिघाडावरचं औषध देता येतं. अण्णांवर दोन औषधं फुकट गेली होती. तिसरं अंदाजाने देऊन पाहण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

"पुन्हा तुकडा काढायला सांगा की."

"नाही काढता येणार. मागच्या वेळी रक्त थांबता थांबेना."

मावशींनी ठोकळा पुन्हा दिव्यासमोर धरला. त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. 'जादा काचा कापून ठेवू नयेत.' खाली मॅडमची सही. ठोकळा काप काढायच्या यंत्रावर पुन्हा चढवला की त्याचा कल जुळवण्यातच चांगला भाग तासला जातो, म्हणून मावशी पूर्वी बारीक तुकड्याच्या दहा काचा पहिल्याच वेळी जास्तीच्या कापून ठेवायच्या. त्यांची खोकी कपाटात मावेनात, तेव्हा मॅडमनी हा कागद लावला होता.

"तुम्ही ठेवल्या असतील ना थोड्या? नेहमीसारख्या?" आपला आवाज इतका गयावया करणारा झालाय, हे मॅडमना बोलल्यावर कळलं.

"नाही हो. तुम्हीच नको म्हणालात ना."

त्यात टोमणा नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं.

मावशींनी ठोकळा उलटा केला. मागच्या प्लास्टिकवर पेन्सिलीची एक बारीक तिरकी रेघ होती. "खूण मात्र केलीय. कसा बसवला होता त्याची. खुणेबद्दल कागदावर काही नव्हतं."

मॅडमना हसू फुटता फुटता राहिलं.

खुणेबरहुकूम ठोकळा बसला, कल जुळवायला फारसं तासावं लागलं नाही. मावशींनी त्यावर हलकेच फुंकर घातली, थंडीत गार बोटांना घालतात तशी, आणि यंत्राची मूठ फिरवली. केसाच्या विसाव्या हिश्श्याइतका पातळ काप सुटून आला. तो त्यांनी कुंचल्याच्या टोकावर झेलला, कोमट पाण्यावर पसरला आणि काचेवर अलगद उचलून घेतला. मॅडमनी नावाजलेल्या सर्जनांचे हात पाहिले होते. असा हात नव्हता पाहिला. पाच. सहा. आठव्या काचेवरचा ठिपका लहान झाला. नवव्या कापानंतर मावशींनी यंत्र थांबवलं आणि ठोकळ्यावर बर्फ ठेवला.

"संपलं?"

"घाई नको. अजून एक निघेल."

निघाला. त्यानंतर नुसतं मेण.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. मॅडमनी तो उभ्यानेच वाचला. शेकडो जनुकांमधून एक बिघडलेलं सापडलं होतं, आणि त्यावर गोळी होती. बरे होतीलच असं कोणी म्हणत नव्हतं, पण आता नेम धरायला जागा होती. त्यांनी अण्णांना फोन लावला. अण्णांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला.

"म्हणजे कुठल्या चाकाचा दात तुटलाय ते सापडलं म्हणा की!" अण्णा म्हणाले. "मग आत्तापर्यंत काय नुसतं घड्याळ हलवून बघत होतात?"

हसता हसता मॅडमना रडू कोसळलं. तोंड धुऊन त्या जिना उतरल्या.

"मावशी, तो ठोकळा माझ्या वडिलांचा होता. औषध सापडलंय."

"छान झालं हो. फार छान झालं. घरचं कोणीतरी असणार, हे ठाऊकच होतं."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? पाच वर्षांत तुम्ही पहिल्यांदा इथे खाली आलात. एरवी फोन असतो, लवकर आवरा म्हणून." मावशी पुन्हा यंत्राकडे वळल्या. "आता जरा हलू नका हं. वाऱ्याने काप उडतो."

मॅडम हलल्या नाहीत. कुठे बघावं हेही त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर तपासणीचा नवा अर्ज आला. स्वादुपिंडाची गाठ, तुकडा अगदी बारीक. मॅडमचा हात फोनकडे गेला आणि थांबला. अर्ज घेऊन त्या उठल्या.

खाली येऊन त्यांनी आधी भिंतीवरचा कागद सोडवला. घडी करून खिशात घातला.

"मावशी, याच्या दहा काचा जास्तीच्या कापून ठेवा."

मावशींनी अर्जावरचा नंबर पाहिला. "हे कोण तुमचे?"

"कोणी नाहीत."

मावशींनी मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग कोपऱ्यातलं स्टूल पायाने पुढे ओढलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "उभ्या किती वेळ राहणार?"