शेगडीची बाजू

साहेब, तो उंचवटा तुम्ही बांधलात. तुमच्या भाषेत गतिरोधक. डांबराचा, डांबराच्याच रंगाचा, वळण संपतं तिथे दडवून ठेवल्यासारखा. ना पांढरा पट्टा, ना पाटी. भर रस्त्यात सापळा लावलात आणि वर त्याला सुरक्षा म्हणालात. त्यात कोण सापडलं आणि त्यांनी ते कसं निस्तरलं, हे तुमच्या कानावर तुमचा माणूस घालणार नाही. म्हणून इथे सांगावं लागतंय.

थोरल्या लेकीने बसचा ब्रेक दाबला तोवर पुढची चाकं वर चढलीसुद्धा होती. मागची आदळली तेव्हा आतली भांडी एकदम बोलायला लागली, आई बाकावरून उडून पुन्हा बाकावरच बसली आणि पलंगावर घोरत पडलेला धाकटा खाली आला. त्याला घरात सगळे मॅनेजर म्हणतात, कारण तो बसल्या जागेवरून जगाला कामं लावतो. पुढे थोरलीच्या शेजारी बसलेले बाबा एवढंच म्हणाले, "पाटा गेला." वैद्याने नाडी बघून सांगावं तसं.

पाटा म्हणजे चाकाच्या वरची पोलादी पट्ट्यांची कमान. गाडीचा सगळा भार तीच झेलते. त्या पट्ट्यांना एकत्र धरून ठेवणारा मधला बोल्ट तुटला होता आणि दाराकडचं मागचं चाक मागे सरकून पत्र्याला घासत होतं. थोरलीने गाडी रखडत रखडत कडेच्या उतारावर घेतली आणि हँडब्रेक ओढला.

ही गाडी म्हणजे शाळेची मोडीत काढलेली बस. बाबांचं आयुष्य बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात पत्रा ठोकण्यात गेलं आणि थोरली तिथेच वेल्डिंग शिकली. दोघांनी मिळून रविवारचे रविवार घालवून त्या सांगाड्यात घर उभं केलं होतं. पलंग, बाक, ओटा, खिडक्यांना पडदे. घरात तिचं नावच घर. शेजारी विचारायचे, कुठे निघालात, तर आई सांगायची, घर घेऊन बाहेर चाललोय. शेजाऱ्यांना वाटायचं, बाई कामातून गेली.

आणि ही तिची पहिलीच मोठी सहल.

मॅनेजरने रस्त्यावरच्या मदतीचा नंबर फिरवला. पलीकडच्या आवाजाने आधी गाडीची जात विचारली. बॉडी कुठल्या कंपनीची? मॅनेजर म्हणाला, कंपनीची नाही, घरीच बांधलीय. आवाज थंडावला. क्रेन निघते आहे, गाडी जप्त गाड्यांच्या यार्डात जाईल, घरगुती बांधणी असेल तर तपासणी झाल्याशिवाय सुटणार नाही, असं सांगून त्याने फोन ठेवला.

यार्ड म्हणजे काय, हे बाबांना ठाऊक होतं. कारखान्यातल्या दोघांनी अशीच घरं बांधली होती, दोघांची यार्डात गेली होती. तपासणीच्या नावाखाली आतलं सगळं उचकटलं, आणि जे परत मिळालं ते हातगाडीवर मावलं. क्रेन यायच्या आत गाडी स्वतःच्या चाकांवर चालली तर घर राहणार होतं. नाहीतर गेलं.

"बघत काय बसलात," थोरली म्हणाली. "उतरा."

बाबांनी बाह्या सरसावल्या. त्यांच्या अंगात कारखाना संचारला. हे आण, ते धर, तो पाना नव्हे, त्याचा मोठा भाऊ. बोल्ट कुठून आणायचा, असं मॅनेजरने विचारलं तेव्हा बाबांनी छाती पुढे काढून पलंगाकडे बोट दाखवलं. पलंगाचे पाय त्यांनी पाट्याच्याच बोल्टांनी आवळले होते. तेव्हा आईने विचारलं होतं की इथे माणसं झोपणार आहेत की हत्ती. आता ती गप्प बसली, पण बाबांना गप्प बसवेना. ते म्हणाले, "हत्तीसाठीच बांधला होता. तो बघ, बोल्ट काढतोय." मॅनेजर खरोखरच पलंगाखाली आडवा पडून पाना फिरवत होता, जन्मात पहिल्यांदा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. गाडी बांधताना बाप-लेकीने डावं-उजवं हे शब्द टाकून दिले होते. एक जण गाडीखाली उताणा, दुसरा वर उभा. एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं, आणि रोज भांडण. म्हणून त्यांनी दोन बाजू ठरवल्या. एक दाराची, दुसरी दारासमोरची, जिथे शेगडी होती. दाराकडे आणि शेगडीकडे. सगळं घर तसंच बोलायला लागलं.

फक्त निघायच्या आधी आईने शेगडी हलवली होती. धूर तोंडावर येतो म्हणून तिने हट्टाने ती दाराशेजारी आणून बसवली. बाबांना ते अजिबात पटलं नव्हतं. शेगडी हलली, पण त्यांच्या तोंडातली बाजू जागची हलली नाही.

त्यांनी जॅक लावला आणि आईला ओरडून सांगितलं, "शेगडीकडच्या मागच्या चाकाला दगड लाव, पुढून-मागून." त्यांना म्हणायचं होतं, जे चाक जमिनीवर राहणार आहे त्याला. आईने चांगले मोठे दगड हुडकले आणि शेगडीकडच्याच चाकाला लावले. म्हणजे दाराकडच्या. म्हणजे जे उचलायचं होतं, नेमकं त्यालाच. तिला नवल वाटलं, पण नवऱ्याला गाड्यांमधलं कळतं, असा तिचा समज होता.

चाक उचललं गेलं, आणि एक मागचं चाक हवेत गेलं की या गाडीचा हँडब्रेक धरत नाही. बाबा जॅकशेजारी पाठ टेकून खाली सरकायला लागले, तोच थोरलीने त्यांचा दंड धरला.

"ठोकळे लागल्याशिवाय कुणी गाडीखाली जायचं नाही."

"मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंय."

ते चिडले, क्रेन येतेय हे ठाऊक आहे ना, म्हणाले. तिने दंड सोडला नाही. आणि तेवढ्यात गाडी हलली. आवाज न करता, झोपेत कूस बदलावी तशी ती पुढे सरकली, जॅक कलंडला आणि सगळा भार खाली बसला. बाबांचं डोकं जिथे असणार होतं, तिथे धूळ उडाली.

पहिली आई बोलली. दगड तर सांगितले तिथेच लावले, म्हणाली, शेगडीकडे. बाबांनी उठून गाडीत डोकं घालून शेगडी कुठे आहे ते पाहिलं, जणू आजच पहिल्यांदा दिसतेय. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा होता.

"शेगडी तिकडेच आहे," ते म्हणाले. "चूक माझी. यापुढे तू ठेवशील ती बाजू."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य आईने पहिल्यांदा ऐकलं. तिने ते पदराला पुसल्यासारखं करून ठेवून दिलं आणि स्वतःच दगड उचलून पलीकडच्या चाकाला लावले.

पुन्हा जॅक. या वेळी बाकाच्या फळ्या उपसून सांगाड्याखाली ठोकळे रचले आणि खाली थोरली गेली. तुटलेला बोल्ट काढला, पट्ट्या एकावर एक आणल्या, पलंगाचा बोल्ट मध्ये घातला. तो असा बसला की जणू त्याच भोकासाठी घडवला होता. मॅनेजरने वरून पाना दाबून धरला, हाताला फोड आले तरी सोडला नाही. थोरली बाहेर आली तेव्हा कोपरापासून बोटांपर्यंत काळी झाली होती, आणि बाबा तिच्याकडे असे बघत होते की जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून सांगावं, ही माझी.

क्रेन आली. क्रेनवाल्याने साखळी काढली, खाली वाकून पाटा बघितला आणि विचारलं की कोणी केलं. थोरली आत चढली, गाडी चालू केली, मागे घेतली आणि त्याच उंचवट्यावरून चालत्या माणसाच्या वेगाने पुन्हा पार नेली. आत एकही भांडं वाजलं नाही. चालत्या गाडीला मी हात लावू शकत नाही, असं म्हणत क्रेनवाल्याने साखळी गुंडाळली. तो हसत होता, आणि ते लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

पण त्याने तुमच्या रस्त्याच्या कार्यालयाला कळवलं होतं, आणि कार्यालयाने फोन केला. तो थोरलीने घेतला. पलीकडे तुमचाच आवाज होता, साहेब. तुम्ही विचारत होतात की सरकारी रस्त्यावर गाडी उचलायची परवानगी यांना कुणी दिली.

थोरलीने काळा हात सलवारीला पुसला. आई, बाबा आणि मॅनेजर तिच्याभोवती गोळा झाले.

"आमच्या गाडीची बॉडी माझ्या वडिलांनी आणि मी बांधली," ती म्हणाली. "दोघांची नावं लिहून घ्या, आम्हाला लाज नाही. आता तुम्ही सांगा, साहेब. माझा बाप ज्याच्यापायी मरणार होता, तो उंचवटा कुणी बांधला? नाव सांगा. मी फोन ठेवत नाही."