मंदाबाईंचं ताट

एकोडी गावात बायकांच्या आहाराचा अभ्यास करायला आलेल्या दामिनीने विचारलं, "आजी, काल काय जेवलात?"

मंदाबाईंनी भात, वरण, वांग्याची भाजी, मासे असं सगळं सांगितलं.

"हे रांधलंत. तुम्ही काय खाल्लं?"

"तेच तं सांगून राहिली न माय."

मंदाबाईंच्या लेखी रांधलं म्हणजे जेवलंच. दामिनीने मग प्रश्न विचारणं सोडलं आणि दुसऱ्या दिवशी लहानसा वजनकाटा घेऊन ती चुलीजवळ येऊन बसली. घरचे मासे-भात जेवून उठले, तरी ती हलली नाही. शेवटी मंदाबाईंनी आपलं ताट वाढून काट्यावर ठेवलं. त्यात भात होता आणि गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाचं वरण.

काटा पाहायला त्यांचे यजमान यादोराव वाकले. "मासे कुठं गेले?"

"तुमच्या पोटात," मंदाबाई हसल्या. यादोराव हसले नाहीत.

संध्याकाळी ते ताटावर बसले, पण घास घेईनात. "तुह्यं वाढ आधी. मी थांबतो."

मंदाबाईंनी माशाचा तुकडा आपल्या ताटात घेतला. पहिल्या घासाला त्यांना काटेवाली दामिनीच आठवली.

"ते पोरगी परत आली," त्या म्हणाल्या, "तं तलावातून मोठा मासा आणजा."